काळी चारचा रेकॉर्ड पांढरी चारवर: शाहूपुरीतल्या एका स्टिरिओचं प्रकरण

"काका, ॲम्प गेलाय, डावा चॅनेल उडालाय, आन् पट्टा ढिला हाय. घेऊन येऊ काय दुकानात?"

पोरानं फोनवर तीन निदानं एका दमात सांगितली. मी म्हटलं, "काही आणू नकोस. हलवूही नकोस. जसं जोडलंयस तसंच राहू दे, मीच येतो." दुकानात आलेलं यंत्र एकटं येतं, त्याच्या वायरी घरी राहतात. मग मी टेबलावर ठणठणीत यंत्र उघडून बसतो आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की घरी वाजत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. घरात काकू आणि हा मुलगा. काकांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, जाऊन तीन वर्षं झालीत. काका उद्यमनगरात लेथवर होते आणि गाण्याचे वेडे होते. काकू स्वतः पेटी वाजवतात. देवल क्लबातल्या बैठका लग्नाआधीपासून ऐकत आल्यात, त्यामुळे कान पक्का. तो कान पुढं माझ्या मल्टीमीटरपेक्षा जास्त उपयोगी पडला.

काकांचा संच असा होता. मधोमध सत्तरच्या दशकातला ग्रुंडिगचा रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. आखातातून कुणीतरी आणलेला. रेकॉर्ड प्लेअर जपानी बनावटीचा, पण अमेरिकेतून आलेला: पट्ट्यावर चालणारा, ३३ आणि ४५ असे दोनच वेग, १२० व्होल्टचा. त्याच्यासाठी खाली स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. प्लेअरला शुअरची मॅग्नेटिक काट्रिज, म्हणजे सुईच्या हालचालीतून वीज काढणारा चुंबकी भाग. एक सोनीचा कॅसेट डेक. आणि काकांनी स्वतः बांधलेली सागवानी पेट्यांतली ८ इंची, ८ ओहमची स्पीकरची जोडी. जर्मनी, जपान, अमेरिका आणि उद्यमनगर अशी ही चौघांची पंगत काकांनी कधीतरी नीट बसवली होती आणि ती वर्षानुवर्षं वाजतही होती.

मग ऑगस्ट २०१९ आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. कुंभार गल्लीत काय झालं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. काकांनी रात्रीत सगळ्या वायरी उपटल्या आणि यंत्रं माळ्यावर चढवली. स्पीकर जड, ते शेवटी गेले. एकाचा तळ अजून फुगलेला आहे. यंत्रं वाचली, पण वायरींची पिशवी खालच्या कपाटात राहिली आणि गाळात गेली. त्या पिशवीत काकांनी हातानं सोल्डर केलेल्या सगळ्या जोडवायरी होत्या. पुढं घरदुरुस्ती, २०२१ चा पूर, काकांचं आजारपण. संच माळ्यावरच राहिला.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पोरानं तो खाली काढला. पोरगा कॉम्प्युटरवाला, हुशार, हाताला भीती नाही. त्यानं चार महिन्यांत काय काय केलं ते मी वहीत लिहून घेतलं, कारण क्रम महत्त्वाचा होता.

आधी त्यानं पाच पिनांची वायर ऑनलाइन मागवली, एक टोक कापून लाल-पांढऱ्या पिना लावल्या आणि रेकॉर्ड प्लेअर रिसीव्हरला जोडला. आवाज आला, पण फक्त उजव्या बाजूला, बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग कुणीतरी सांगितलं की फोनो प्रीॲम्प लागतो, म्हणजे रेकॉर्डचा क्षीण आवाज आधी मोठा करणारा डबा. तो आणला. त्यावर फोनो लिहिलेलं, म्हणून रिसीव्हरच्या फोनो सॉकेटात घातला. आता आवाज मोठा, पण नुसता गदगदाट, शब्द फाटलेले, मागं अखंड 'घूंऽऽ'. डावी बाजू गप्पच. मोठा आवाज साफ येईना म्हणून जुन्या होम थिएटरचे दोन छोटे स्पीकर काकांच्या स्पीकरच्याच वायरींना जोडले. रिसीव्हर तापायला लागला, फ्यूज दोनदा उडाला. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दहा मिनिटांत सांगितलं की डाव्या बाजूचा आउटपुट गेलाय, पार्ट मिळत नाहीत, यापेक्षा ब्लूटूथचा घ्या. जाताना फ्यूजच्या जागी वायरीतली तांब्याची एक तार गुंडाळून गेला, "पुन्हा उडणार नाही" म्हणून.

उडणार नाहीच. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल.

मी सगळ्यात आधी प्लग काढला, ती तार फेकली आणि धारकावर छापलेल्या अँपिअरचा काचेचा फ्यूज घातला. होम थिएटरचे स्पीकर सोडवले. ते ४ ओहमचे होते. ८ ओहम आणि ४ ओहम समांतर जोडले की ॲम्पला दिसतात सुमारे २.६७ ओहम. हा रिसीव्हर ४ ओहमपर्यंतचा भार पेलण्यासाठी बनलेला. त्याच्या खाली गेलं की तो जास्त प्रवाह ओढतो, तापतो आणि फ्यूज आपलं काम करतो. उडणारा फ्यूज हा या प्रकरणातला एकमेव प्रामाणिक साक्षीदार होता आणि त्यालाच हाकलून दिलं होतं.

मागच्या बाजूला व्होल्टेजचा फिरता खटका २२० वर. घरात मीटरनं २३८ भरले. खटका २४० वर केला. मग सिरीज बोर्ड काढला. शंभर वॉटचा पिवळा बल्ब मालिकेत ठेवून जुनं यंत्र चालू करायचं ही सवय माझ्या गुरूंची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून तसाच राहतो, यंत्र वाचतं. इथं बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. म्हणजे आतले कंडेन्सर भरले आणि मोठा शॉर्ट नाही. तसंच थोडा वेळ ठेवून मग सरळ लाइनवर घेतला.

आता मुद्द्याची गोष्ट. डावा चॅनेल उडालाय हे ठरवायला कुणी रेडिओ लावून पाहिला नव्हता. रिसीव्हरच्या पोटातच रेडिओ आहे, त्याला बाहेरची एकही वायर लागत नाही. मी मागं हातभर वायरीचा एरियल लावला आणि आकाशवाणी कोल्हापूर धरलं. दोन्ही स्पीकर वाजले.

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. काकू म्हणाल्या, "म्हंजे गेलेलं न्हाई?"

"आउटपुट गेला असता तर रेडिओ पण डाव्या बाजूनं आला नसता, काकू. बिघाड याच्या अलीकडं आहे."

पण रेडिओ नीटही वाजत नव्हता. निवेदिकेचा आवाज समोर बसलेल्या माणसाचा वाटायला हवा. इथं तो खोलीभर पसरलेला, कुठून येतोय ते कळेना, आणि खर्ज गायब. ही ओळखीची खूण आहे. एका स्पीकरची वायर उलट बसली की एकाचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो, आणि दोघं मिळून खालचे स्वर पुसून टाकतात. काकांच्या वायरी मध्ये तुटल्या होत्या, पोरानं जोड देऊन टेप गुंडाळली होती. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेऊन स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला. डाव्याचा पडदा बाहेर आला, उजव्याचा आत गेला. उजव्याचा जोड उलट होता. या रिसीव्हरच्या स्पीकर पिनेत एक पातं चपटं आणि एक गोल असतं. चपटं म्हणजे निगेटिव्ह, गोल म्हणजे पॉझिटिव्ह. दोन्हीकडं तसं करून घेतल्यावर निवेदिका दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन बसली. काकू हसल्या.

आता त्या पाच पिनांच्या वायरीकडं वळलो.

युरोपातल्या जुन्या यंत्रांना लाल-पांढऱ्या सॉकेटांऐवजी गोल डिन सॉकेट असतं. एकाच सॉकेटात जाणं-येणं, डावं-उजवं सगळं. पिनांचे नंबर अर्धवर्तुळावर १, ४, २, ५, ३ अशा विचित्र क्रमानं येतात. कारण आधी तीनच पिना होत्या, १, २, ३. स्टिरिओ आल्यावर मधल्या फटींत ४ आणि ५ बसवल्या. मधली २ म्हणजे जमीन, अर्थ. टेपच्या सॉकेटात ३ आणि ५ मधून आवाज रिसीव्हरमध्ये येतो, ३ डावा आणि ५ उजवा. १ आणि ४ मधून रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातो. ज्यानं पिना मोजताना सरळ एक-दोन-तीन मोजलं, तो बुडाला.

पोरानं पिना बरोबर मोजल्या होत्या. तरीही डावं गप्प. मी वायर मीटरवर धरली. पिन २ लागली, ४ लागली, ५ लागली. १ आणि ३ कुठंच नाहीत. वायर कापली तेव्हा आत तीनच तारा दिसल्या होत्या, हे पोराला आता आठवलं. ही वायर स्टिरिओची नव्हतीच. कीबोर्डवाले मिडी म्हणून जी वापरतात ती ही. बाहेरून प्लग तंतोतंत तोच, पण मिडीला ४, ५ आणि २ एवढ्याच पिना लागतात, म्हणून बहुतेक वायरींत बाकीच्या दोन जोडलेल्याच नसतात. डाव्या चॅनेलची पिन ३, आणि ती रिकामी. ॲम्पमधला चॅनेल उडालेला नव्हता, तो वायरीत जन्मालाच आला नव्हता. आर्केस्ट्रावाल्यांच्या दुकानात ही वायर मागितली तर ते बिचारे हीच देणार. त्यांचा काय दोष?

मी पिशवीतून चांगली शील्ड वायर काढली आणि तिथंच दोन जोड तयार केले. दोन्हींत लाल-पांढऱ्या सॉकेटांकडून डावं ३ ला, उजवं ५ ला, शील्ड २ ला. लांबी मुद्दाम मीटरभरच ठेवली. मॅग्नेटिक काट्रिजच्या वाटेत लांब वायर टाकली की वायरीची स्वतःची कपॅसिटन्स वाढते आणि वरच्या स्वरांचा नूर बदलतो. तीन मीटर वायर ओढून प्लेअर खिडकीत ठेवायचा पोराचा बेत होता, तो मी तिथंच मोडला.

रिसीव्हरच्या मागच्या बाजूच्या खुणा जर्मन. एका सॉकेटापाशी 'टीए', एकापाशी 'टीबी'. टीबी ऐकून काकू दचकल्या. "आता यालाबी टीबी?" टीबी म्हणजे टोनबांड, टेप. टीए म्हणजे टोनआबनेहमर, रेकॉर्डचा पिकअप. रेकॉर्ड प्लेअरची जागा टीए, आणि तिथं मॅग्नेटिकची सोय होती.

इथं थोडं थांबतो, कारण जुन्या संचांची सगळ्यात जास्त वाट या जागी लागते. मॅग्नेटिक काट्रिज देते साधारण ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर पुऱ्या आवाजाला २ व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. खर्ज पूर्ण ताकदीनं कापला तर खोबण शेजारच्या खोबणीत घुसेल, आणि वरचे स्वर उचलले नाहीत तर खरखरीत बुडतील. वाजवताना त्याचं बरोबर उलट करावं लागतं. १९५४ च्या सुमारास यासाठी आरआयएए नावाचा एकच ठराव सगळ्या कंपन्यांत रुळला. त्यानुसार वाजवताना ५० हर्ट्झचा स्वर १ किलोहर्ट्झच्या मानानं सुमारे १७ डेसिबल उचलायचा आणि १० किलोहर्ट्झचा जवळपास १४ डेसिबल खाली आणायचा. फोनो इनपुट ही दोन्ही कामं करतं, शंभरेक पट वाढवणं आणि स्वर सरळ करणं.

पोराच्या पहिल्या प्रयोगात प्लेअर टेपच्या सॉकेटात होता. तिथं यातलं एकही काम होत नाही, म्हणून बारीक आणि पत्र्यासारखा आवाज. दुसऱ्या प्रयोगात बाहेरच्या प्रीॲम्पनं दोन्ही कामं केली आणि पुन्हा टीए सॉकेटानंही दोन्ही केली. खर्ज दोनदा उचलला, वरचे स्वर दोनदा दाबले, आणि ५ मिलिव्होल्टची सवय असलेल्या दारात अर्धा व्होल्ट घुसवला. चहात साखर घातलेली असताना घरच्या दोघांनी पुन्हा दोन-दोन चमचे घालावी तसं. प्रीॲम्प वाईट नव्हता, तो टेप सॉकेटाला लावला असता तरी चाललं असतं. पण रिसीव्हरचा स्वतःचा फोनो विभाग चांगला असताना स्वस्तातला डबा मध्ये कशाला? प्रीॲम्प काढला, प्लेअर थेट टीए मॅग्नेटला.

(ज्यांच्याकडं जुने सिरॅमिक काट्रिजचे पोर्टेबल प्लेअर आहेत त्यांनी वरचा परिच्छेद स्वतःला लावू नये. सिरॅमिक काट्रिज शेकडो मिलिव्होल्ट देते, तिला मेगओहमच्या घरातलं इनपुट हवं, आणि ती मॅग्नेटच्या दारात घातली की हाच गदगदाट होतो.)

'घूं' मात्र कायम होती. प्लेअरच्या मागं लाल-पांढऱ्यांबरोबर एक बारीक हिरवी तार, टोकाला चिमटा, हवेत लोंबत होती. "ही कशाला लागत न्हाई म्हणून सोडलीया," पोरगा म्हणाला. काट्रिजच्या ५ मिलिव्होल्टला जे शंभर पट मोठं करतं, ते टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, धातूनं आसपासच्या ट्रान्सफॉर्मरमधून गोळा केलेला ५० हर्ट्झही तितकाच मोठा करतं. ती तार टोनआर्मची जमीन आहे. डिनच्या रिसीव्हरला तिच्यासाठी लाल-पांढऱ्यांच्या शेजारी जागा दिसत नाही, म्हणून ती हमखास राहते. मागच्या बाजूला जमिनीच्या खुणेचा एक स्क्रू होता, त्याखाली ती दाबली. 'घूं' जवळजवळ गेली. उरलेली स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर प्लेअरच्या खालून काढून दोन फूट लांब ठेवल्यावर गेली. त्याचं चुंबकीय क्षेत्र काट्रिजच्या बरोबर खाली येत होतं. काकांनी तो नेहमी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता, हे काकूंना आठवलं. सगळ्यांना सगळं आठवतं, पण शेवटी.

सुईचा दाब तपासला, पावणेदोन ग्रॅम, चालेल. रेकॉर्ड पुसला, सुई टेकवली. दोन्ही बाजूंनी साफ, भरदार आवाज आला. पोरानं टाळीच वाजवली. मी पण मनात म्हटलं, झालं काम, आता चहा.

काकू मात्र डोळे बारीक करून बसल्या होत्या.

"ही बाई अशी न्हवं गात," त्या म्हणाल्या. "आवाज बाप्याचा वाटतोय. आन् किती आळसावलेलं!"

"तेच की," पोरगा म्हणाला, "पट्टा ढिला हाय. नवा घातला तरी ढिलाच."

आता खरं तर ढिल्या पट्ट्याचा आवाज कसा असतो ते मला माहीत होतं. तो डगमगतो. मोठा ठेका आला की घसरतो, लांबलेला स्वर लाटेसारखा हलतो. इथं स्वर खाली होता, पण दगडासारखा स्थिर. काकूंना म्हटलं, पेटी काढता का?

त्यांनी पेटी काढली. गायिकेचा षड्ज, म्हणजे सा, काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, हे त्यांना पाठ होतं, शेकडो वेळा त्या रेकॉर्डबरोबर वाजवलं होतं. त्यांनी काळी चार दाबली, जुळेना. खाली खाली येत पांढरी चारवर थांबल्या. "इथं हाय. जरा आणिक खालीच म्हणा."

काळी चार ते पांढरी चार म्हणजे तीन पट्ट्या. किंवा असं म्हणा, रेकॉर्डचा सा जिथं आला होता, तिथून मूळ सा बरोबर कोमल गंधाराच्या अंतरावर. आणि तंतोतंत जुळवलेल्या कोमल गंधाराचं सा शी प्रमाण ६:५. माझ्या डोक्यात दिवा लागला तो इथं. ६:५ म्हणजेच ६०:५०. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. पेटी किंचित वर वाटते तेही बरोबर, कारण पेटीच्या समान अंतराच्या पट्ट्यांतला कोमल गंधार या प्रमाणाच्या किंचित खाली असतो.

खात्रीला तीन मिनिटं मोजली. थाळीवर कागदाचा कपटा ठेवला, पोरानं मोबाइल धरला, मी फेरे मोजले. ३३⅓ च्या वेगानं तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. झाले ८३.

या प्लेअरची मोटर सिंक्रोनस आहे. तिचा वेग व्होल्टवर नाही, विजेच्या हर्ट्झवर चालतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. ६० वर आखलेली मोटर ५० वर पाच षष्ठांश वेगानं फिरते, नवा पट्टा घाला नाहीतर सोन्याचा घाला. अमेरिकेतून आणलेले किती प्लेअर या कारणासाठी 'मोटर थकली' म्हणून भंगारात गेले असतील, देव जाणे.

पण मग काकांच्या वेळी कसा चालायचा? काकू तर त्याच रेकॉर्डबरोबर काळी चारवर पेटी वाजवत होत्या.

थाळी उचलली. मोटरच्या दांड्यावर चकचकीत, निकेल चढवलेली पुली. पुरात बुडालेल्या गल्लीतल्या इतक्या वर्षांच्या यंत्रात एवढी कोरी पुली? "ही तू बदललीस?"

पोरगा जरा ओशाळला. "चुन्याच्या डबीत होती, कागदात गुंडाळून. ओरिजिनल दिसली. लावलेली होती ती पितळेची, गावठी. तिच्यावर लेथच्या रेघा होत्या. म्हटलं कुणीतरी जुगाड केलंय. पट्टा बदलताना ओरिजिनल लावली."

"आणि गावठी कुठाय?"

चुन्याच्या डबीतच होती. कॅलिपर लावला. कंपनीची पुली ३३ च्या पायरीवर १८.३ मिलिमीटर. पितळेची २२.१. १८.३ ला १.२ नं गुणलं तर २१.९६ येतात. वरचे दशांश कुठून आले याचा विचार करत मी पाच मिनिटं बसलो. पट्ट्याची जाडी! पट्टा पुलीच्या पृष्ठभागावर नाही, स्वतःच्या जाडीच्या मधोमध धावतो, तेव्हा गुणायचा व्यास पुलीचा नाही, पुली अधिक पट्ट्याची जाडी एवढा. त्या हिशेबानं २२.१ च येतात. काकांनी तेवढाही हिशेब धरला होता. ४५ ची पायरीही त्याच प्रमाणात. पट्टा घसरू नये म्हणून पृष्ठभाग मधे किंचित फुगीर. असलं काम मी उद्यमनगरात आज पैसे देऊन करून घ्यायचं म्हटलं तर आधी तीन वेळा चूक होऊन येईल.

पितळेची पुली बसवली. तीन मिनिटांत १०० फेरे, कपटा जवळपास सुरुवातीच्या जागी. काकूंनी काळी चार दाबून धरली आणि सुई टेकवायला पोराला खूण केली. षड्ज आला तेव्हा त्यांनी भात्यावरचा हात थांबवला नाही, पुढं वाजवतच राहिल्या. मी चहा थंड करून प्यायलो.

बाकीचं पटापट सांगतो. कॅसेट डेक मी हातात घेतला आणि खाली ठेवला. आतले पट्टे वितळून डांबर झालेत, ते धुऊन काढणं दुसऱ्या दिवसाचं काम. शिवाय त्याच्यावर रेकॉर्डिंग करायचं तर वेगळी अडचण आहे. डिनच्या रेकॉर्डिंग पिना जवळपास एक किलोओहमला एक मिलिव्होल्ट या हिशेबानं अगदी क्षीण आवाज देतात, आणि जपानी डेकचं लाल-पांढरं इनपुट त्याच्या कितीतरी पट जास्त मागतं. आता कुणी रेकॉर्डिंग करणार नाही, म्हणून तो प्रश्न मी तिथंच सोडला. टेपच्या सॉकेटात दुसरा जोड लावून पोराचा फोन दिला. फोनचा आवाज पाऊण ठेव, बाकी रिसीव्हरवर वाढव, एवढं सांगितलं. होम थिएटरचे स्पीकर त्यानं टीव्हीकडे परत नेले. काकूंच्या माहेरच्या दोन ७८ च्या तबकड्या होत्या, त्या या प्लेअरवर लावू नका हे मात्र दोनदा सांगितलं. वेग नाहीच, आणि त्यांच्या रुंद खोबणीला एलपीच्या सुईपेक्षा तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई लागते. ही बारीक सुई खोबणीच्या तळात फिरून नुसती खरखर करेल.

पैसे किती झाले म्हणून पोरानं विचारलं तेव्हा मला जरा पंचाईत पडली. बदललेला भाग एक फ्यूज. बाकी दोन वायरी आणि चार तास. त्या दुरुस्तीवाल्यानं आउटपुटचा जो आकडा सांगितला होता तो ऐकून मी त्याच्या निम्म्याच्या निम्मे घेतले. तरी काकूंनी वर तांबड्या चटणीची पुडी दिली, ती नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना पोराला दोन कामं सांगितली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदाची पट्टी चिकटवायची आणि ती कुठं जाते ते त्यावर लिहायचं. आणि मागच्या बाजूचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ठेवायचा. निकेलची पुली चुन्याच्या डबीत परत गेली, झाकणावर काकूंनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'अमेरिकेची. लावू नये.'

हे मार्चमधलं. जुलैत एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. बाहेर पाऊस कोसळत होता, आवाज नीट येत नव्हता.

"काका, बंधाऱ्यावर ३८ झालंय. उद्या ३९ होतंय म्हणत्यात, इशारा पातळी. मी आजच वर चढवायला घेतलंय. पट्ट्या लावल्यात, फोटो हाय. फक्त थाळी काढू काय आधी?"

"थाळी काढ, पट्टा काढ, आर्मला दोरा बांध," मी म्हटलं. "पुलीला हात लावू नकोस."